पत्र्यांखालचा हिवाळा

सोयाबीनची रास आटोपली की लातुरात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. आडत बाजाराबाहेर ट्रॅक्टर खोळंबून उभे राहतात आणि क्लासेसमध्ये दर रविवारी परीक्षा होऊ लागतात. सकाळी दूध आणायला बाहेर पडलं की मुलींचे घोळके दिसतात. ओढणीनं कान बांधलेले, पाठीवर दप्तराचं ओझं, ओठ सूत्रं पुटपुटत असलेले. चौकात गेल्या वर्षी डॉक्टरकीला लागलेल्या पोरांचे भलेमोठे फोटो. त्यांच्याखालून या वर्षीच्या पोरी मान खाली घालून जातात.

मी मुलींच्या एका वसतिगृहात समुपदेशक म्हणून बसते. दारावरची पाटी मोठी अदबीची आहे, पण मुली त्या खोलीला ‘रडायची खोली’ म्हणतात. मला ते नाव पटतं. या दिवसांत ती खोली रिकामी नसते. आणि याच दिवसांत, हवेला पहिला गारठा आला की मला कुठूनसा नव्याकोऱ्या पत्र्याचा वास येतो. आसपास पत्रा कुठंच नसतो. सगळीकडं सिमेंटच्या मजल्यांवर मजले चढलेत. तरी तो वास येतो, आणि त्याच्यामागून ब्लीचिंग पावडरचा, ओल्या घोंगड्यांचा, माणसांनी भरलेल्या पण मुक्या झालेल्या जागेचा.

मी मूळची नांदेडची. वडील शाळेत मास्तर. त्र्याण्णव साली माझं समाजकार्याचं शिक्षण नुकतंच संपलं होतं आणि आता पुढं काय, हे ठरत नव्हतं. गणपती विसर्जन होऊन लोक घरी येऊन झोपले होते. पहाटेपूर्वी आमच्या फळीवरची भांडी वाजली, लोक रस्त्यावर आले, थोडा वेळ बोलले आणि परत आत गेले. दुपारपर्यंत लातूर-उस्मानाबादकडच्या भूकंपाच्या बातम्या यायला लागल्या आणि मग कितीतरी दिवस आमच्या गल्लीत कुणी मोठ्यानं बोललं नाही.

महिना-दीड महिन्यानं आमच्या शहरातल्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाई तिकडं जायला निघाल्या. सगळे त्यांना डॉक्टरबाई म्हणत. त्यांनी आम्हा दोघी-तिघींना बरोबर घेतलं. निघताना आईनं दशम्यांचा डबा हातात दिला आणि म्हणाली, “तिथं त्यांच्यासमोर उघडू नको गं.” लोहा, अहमदपूर करत एसटी लातूरला पोचली. पुढं जीपनं. रस्त्याच्या कडेला काळ्या रानात पत्र्याच्या शेडांच्या ओळी दिसू लागल्या तेव्हा ऊन अंगावर होतं आणि ते पत्रे असे चकाकत होते की डोळे मिटावे लागले.

आमची जीप थांबली की लोक जमत. एक म्हातारेबुवा पुढं आले. कुठल्या तरी शहरातून आलेल्या दानाच्या कपड्यांतला कुणाच्या तरी लग्नातला कोट त्यांनी धोतरावर घातला होता.

“काय वाटायलाव?” त्यांनी विचारलं.

“आम्ही काही वाटायला आलो नाही, काका. बोलायला आलोय.”

“बोलायला?” त्यांनी आमच्याकडं जरा वेळ बघितलं आणि ते परत गेले. त्यात राग नव्हता. त्यांना आमची कीव आली असावी.

दिवसा पत्रा तापायचा, संध्याकाळ झाली की बर्फासारखा गार पडायचा. वारा सुटला की अख्खी वस्ती थडथडायची आणि त्या आवाजानं बायका लेकरं कडेला मारून बाहेर पळत. ज्यांना लेकरं उरली नव्हती त्याही पळत. बाहेर आल्यावर मात्र त्यांना हातांचं काय करावं कळायचं नाही. कपड्यांच्या ढिगाऱ्यातून झालरीचे झगे, टाय, शहरातल्या पोरांची शाळेची जाकिटं निघत. त्यांच्या वाकळा शिवल्या गेल्या. मिठाईचे खोके येऊन पडले, कारण दिवाळी आली होती. पोरांनी खाल्लं. मोठ्यांच्या घशाखाली उतरेना.

आणि तरी ज्वारी पेरायची होती. जमिनीनंच घात केला होता आणि तिच्याच पोटात बी टाकायचं होतं. त्या दिवसांत तिफणीमागून चालणाऱ्या माणसांचे चेहरे मी पाहिले आहेत. त्यांना काय वाटत असेल, हे मी कुणालाच विचारू शकले नाही.

डॉक्टरबाईंनी पहिल्या आठवड्यातच ओळखलं, की आम्ही चार जणी कुणाकुणाला पुऱ्या पडणार? वस्तीतल्याच बायकांना तयार करायचं त्यांनी ठरवलं. सकाळी जिथं बालवाडी भरायची त्या शेडात दुपारी आमचं शिबिर सुरू झालं. शिकवणं अगदी साधं होतं. कुणाजवळ बसावं कसं. ‘आता विसर’ म्हणायचं नाही. ‘देवाची मर्जी’ म्हणायचं नाही. ‘तू तरी वाचलीस ना’ हे तर मुळीच नाही. झोप लागते का, जेवण जातं का, हे विचारायचं. कुणी जीव द्यायची गोष्ट काढली तर त्याला एकटं सोडायचं नाही आणि आम्हाला लगेच निरोप द्यायचा. आणि गेलेल्या माणसाचं नाव विचारायचं. वस्तीत मेलेल्यांची नावं कुणी घेत नव्हतं. घरातले किती गेले, एवढंच सांगत, जसं आपण घराचा नंबर सांगतो.

कौसल्या तिथंच भेटली. तिशीतली, सडपातळ, कपाळावर नुकतीच भरत आलेली जखम. तिचं शेड शेजारीच होतं. खरं तर ती शिकायला आली नव्हती. घरात नवरा बोलत नाही म्हणून ती येऊन बसायची. शेजाऱ्यांनी तिला दगडमातीखालून हातांनी उकरून काढलं होतं. सासू आणि दोन्ही लेकरं, मोठी मुक्ता आणि रांगतं बाळ, जिवंत निघाली नाहीत. नवरा ज्ञानोबा त्या रात्री रानात राखणीला होता. धावत आला आणि उकरत राहिला. त्याची नखं तुटलेली मी पाहिली. तेव्हापासून तो कामापुरतं बोलायचा आणि रडला तर नव्हताच.

एका दुपारी डॉक्टरबाईंनी जोड्या करून सराव घेतला. एकीनं दुःखी बाई व्हायचं, दुसरीनं ऐकणारी. कौसल्या ऐकणारी झाली. समोर पलीकडच्या शेडातली पार्वती.

कौसल्यानं शिकवल्याप्रमाणं विचारलं, “झोप लागती का?”

पार्वतीला खरं तर काहीतरी बनवून सांगायचं होतं. ती म्हणाली, “न्हाई. डोळा लागला की वरून माती पडायल्यावानी हुतंय.”

कौसल्या तिच्याकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “मला बी.”

डॉक्टरबाईंनी चूक दाखवली नाही. त्या म्हणाल्या, “आजचं शिकणं झालं. चला, चहा घेऊ.” त्या दिवशी बायका चहाचे पेले हातात धरून बराच वेळ बसल्या. कुणीतरी कुणाच्या तरी झालरीच्या झग्यावरून काही बोललं आणि सगळ्या हसल्या. हसल्या आणि लगेच पदर तोंडावर घेऊन गप्प झाल्या, जणू कुणी पाहिलं तर काय म्हणेल.

कौसल्या मग शेडाशेडांत जाऊ लागली. एक म्हातारी होती, ती जेवत नव्हती. कौसल्या रोज तिच्याजवळ नुसती बसायची. एकदा मी जीपमधून उतरते न उतरते तोच ती पळत आली. “बाई, आज तिनं नातवाचं नाव घेतलं. मंग लई रडली. मंग अर्धी भाकर खाल्ली.” तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं त्याला आनंद म्हणता येणार नाही, पण ते आनंदाच्या जवळपासचं होतं. स्वतःच्या लेकरांची नावं मात्र ती कधी घेत नसे. ती नावं मला पार्वतीकडून कळली. मी डॉक्टरबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “ती दुसऱ्यांकडून सुरुवात करतेय. येईल स्वतःपर्यंत. ओढू नकोस.”

पौषात ज्वारी गुडघ्याच्या वर आली. करडईला पिवळी फुलं धरली. आणि वस्तीत एक नवी कुजबूज सुरू झाली.

बहुतेक बायकांची कुटुंबनियोजनाची ऑपरेशनं झालेली होती. दोन-तीन लेकरं झाली, बस झालं, म्हणून हौसेनं करून घेतलेली. आता लेकरं नव्हती. नळी परत जोडता येते, असं दवाखान्यातून कळलं आणि त्या ‘जोडायच्या ऑपरेशना’च्या गोष्टी पाण्याच्या टाकीपाशी होऊ लागल्या. काही पुरुषांनी तेवढीही वाट पाहिली नाही. दुसरी लग्नं लागली. एका शेडातून वरातीचा ताशा वाजला आणि शेजारच्या शेडातली नवरदेवाची पहिली बायको दार ओढून आत बसली.

ज्ञानोबाकडंही भावकीतला चुलता आला. मी तेव्हा तिथंच होते. कौसल्या चुलीपुढं भाकरी थापत होती.

“पोरगी बघून ठेवलीया,” चुलता म्हणाला. “गरिबाची हाय, पर चांगली हाय.”

“मला दुसरं लगीन करायचं न्हाई,” ज्ञानोबा म्हणाला.

“आरं, मंग वंश?”

कौसल्याच्या हातातली भाकरी थांबली नाही, फक्त एका बाजूला फाटली.

दुसऱ्या दिवशी टाकीपाशी तिनं मला गाठलं. “बाई, मला लेकरू नको. माझं अंग अजून त्या दोघांचंच हाय.”

“मग तसं सांगा त्यांना.”

“सांगितलं तर ऐकतील. दुसरं लगीन बी करणार न्हाईत.” तिनं घागर खाली ठेवली. “पर ह्ये अजून एकदा बी रडले न्हाईत. आतल्या आत वाळायलेत. लेकरू झालं तर तरी रडतील, असं वाटतंय मला.”

मी खूप शिकले होते म्हणायचं, पण याला काय म्हणतात ते कुणी शिकवलं नव्हतं. डॉक्टरबाई दोघांशी वेगवेगळ्या बोलल्या, मग एकत्र बोलल्या. निदान पुढच्या थंडीपर्यंत थांबा, म्हणाल्या. ती दोघं थांबली. दरम्यान आमचं तिथलं काम संपलं, वस्त्या उठल्या, आखीवरेखीव सिमेंटची नवी गावं झाली. माझं लग्न होऊन मी लातूरला आले. पार्वती एकदा बसस्टँडवर भेटली तिच्याकडून कळलं, की कौसल्याचं जोडायचं ऑपरेशन झालं, मुलगी झाली आणि मुलीचं नाव मुक्ताच ठेवलं. मला त्यात बरं वाटलं की वाईट, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. घरोघर असंच झालं होतं. गेलेली नावं पाळण्यात परत येत होती. मी घरी आले आणि स्वयंपाकाला लागले.

त्यानंतर लातूर बदलत गेलं. आधी एक क्लास, मग गल्लीभर क्लास. बिलोलीपासून निलंग्यापर्यंतची पोरं ट्रंका घेऊन येऊ लागली. ज्यांच्या घरात कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं त्यांची लेकरं डॉक्टर व्हायला निघाली. मी वसतिगृहात समुपदेशनाला बसू लागले. वसतिगृहांच्या रेक्टरबाई, खानावळीत वाढणाऱ्या मावश्या, यांची छोटी शिबिरं घेऊ लागले. ‘सगळेच करतात, तुलाच काय झालं’ असं म्हणायचं नाही, हे त्यांना शिकवताना माझाच आवाज मला पत्र्याखालून आल्यासारखा वाटायचा. त्या शेडांतल्या बायकांनी किती पटकन धरलं होतं हे! इथं मात्र समजावून सांगावं लागे, कारण इथं काही पडलेलं दिसत नव्हतं.

एका जूनमध्ये ऑफिसात एक पांढऱ्या केसांची बाई उभी होती. ती छताकडं बघत होती. मग तिनं हाताच्या मुठीनं भिंत ठोकली. बरोबरची मुलगी लाजून म्हणाली, “आई, चल ना.”

बाईनं माझ्याकडं बघितलं. “बाई? तुमी?”

कपाळावरच्या व्रणावरून मी ओळखलं. कौसल्यानं माझे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. मग मुलीला पुढं केलं. “ही माझी मुक्ता. लई हुशार हाय. डाक्टर हुणार हाय.”

मुक्ता गोरी, उंच, आईच्या डोळ्यांची. ती हसली, पण चटकन खाली बघू लागली.

पावसाळा गेला. परीक्षा सुरू झाल्या. आश्विनातल्या एका दुपारी मुक्ता माझ्या खोलीत आली. खानावळीत ती जेवत नाही, असं मावशींनी आधीच सांगितलं होतं. ती बसली आणि खूप वेळ ओढणीचं टोक गुंडाळत राहिली.

“मॅडम, तुम्ही तिला पाहिलं होतं?”

“कुणाला?”

“मुक्ताला.”

मी नाही म्हणाले. मी पोचले तेव्हा ती नव्हती.

“मला कुणीच काही सांगत नाही तिच्याबद्दल,” मुक्ता म्हणाली. “नुसतं चांगली होती म्हणतात. मी शाळेत पहिली आले ना, तेव्हा आई म्हणाली, माझी मुक्ता हुशारच होती. होती म्हणाली, मॅडम. आहे नाही म्हणाली.”

ती रडत नव्हती. तेच मला बघवेना.

“इतक्या चांगल्या पोरीची जागा मी कशी भरू? रोज मार्क कमी पडायलेत. मी नापास झाले तर आईचं तिसरं लेकरू गेल्यासारखं होईल. त्यापेक्षा मी झालेच नसते तर बरं होतं.”

“जीव द्यावा असं वाटतं का, मुक्ता?” मी सरळ विचारलं.

ती खिडकीकडं बघत म्हणाली, “कधी कधी.”

मी तिला एकटीला सोडलं नाही. डॉक्टरांना बोलावलं. रात्री तिच्या खोलीत रेक्टरबाई झोपल्या. घरी फोन केला आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आई-बाप दोघं आले.

कौसल्या लेकीच्या समोर खाली जमिनीवर बसली, शेडांत बसायची तशीच. तिनं विचारलं, “झोप लागती का?” मुक्तानं ‘नाही’ अशी मान हलवली. “जेवण जातं का?” पुन्हा तेच. आणि मग कौसल्याला पुढं बोलवेना. वस्तीभरच्या माणसांजवळ बसलेली ही बाई स्वतःच्या लेकीपुढं नुसती ओठ हलवत राहिली. बाहेर कुठल्या तरी क्लासची घंटा झाली, जिन्यावर पावलं वाजली, विरली.

ज्ञानोबा दाराशी टोपी हातात घेऊन उभा होता. तो म्हणाला, “तुझी बहीण लई आळशी हुती.”

आम्ही तिघींनी त्याच्याकडं पाहिलं.

“पाढे यायचे न्हाईत तिला. नवाचा पाढा आला की पोटात दुखायचं. मास्तर बेजार. गूळ चोरायची, आन बाळाच्या तोंडाला चोपडायची. ‘बाळानंच खाल्ला’ म्हणायची.”

“खरंच?” मुक्ता म्हणाली.

“हाव. काळी हुती, माझ्यावानी. तू आईवर गेलीस.” तो थांबला. “तू ती न्हाईस, पोरी. तुझ्याकडनं ती काय परत येत न्हाई. तू फकस्त तुझं बघ.”

आणि मग तो दाराच्या चौकटीला धरून खाली बसला आणि रडू लागला. एवढ्या वर्षांनी. तो आवाज माणसाचा वाटत नव्हता. मुक्ता उठून त्याच्याजवळ गेली. बापाला कसं धरावं हे तिला माहीत नव्हतं, तिनं नुसतं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

कौसल्या जागची हलली नाही. ती माझ्याकडं बघून म्हणाली, “मी ‘ती हुशार हुती’ म्हणून सांगितलं, बाई. मेलेल्या लेकराला आळशी कसं म्हणावं?”

मुक्ता त्यांच्याबरोबर घरी गेली. औषधं बरेच महिने चालली. क्लास सुटला तो सुटलाच, पांढरा कोट काही तिच्या अंगावर आला नाही. ती उदगीरच्या कॉलेजात मराठी शिकली आणि आता एका गावच्या शाळेत शिकवते. हे सगळं चांगलं झालं असं मी म्हणते, पण ते पुरतं खरं नाही. कारण ज्ञानोबा त्यानंतर फार जगला नाही. आणि कारण सगळ्याच मुली माझ्या खोलीपर्यंत पोचत नाहीत. काहींच्या बातम्या सकाळी दुधाबरोबर येतात. मग मी दिवसभर दुसऱ्या मुलींसमोर बसते आणि झोप लागते का, म्हणून विचारत राहते.

यंदाच्या आश्विनात मुक्ता मला भेटायला आली होती. शाळेतल्या पोरांविषयी बोलली, पावसाविषयी बोलली. कौसल्याचे गुडघे गेलेत, पण छताखाली नको म्हणून ती अजून अंगणातच झोपते, म्हणाली. निघताना चप्पल घालता घालता थांबली.

“आई आता मला नावानं हाक मारत नाही, मॅडम. पोरी म्हणते. नाव घ्यायला जाते आणि मधेच अडते.”

“वाईट वाटतं तुला?”

तिनं दुसरी चप्पल पायात सरकवली.

“नाही. अडते ना, तेव्हा ती माझ्याकडं बघते,” ती म्हणाली. “आधी बघायची नाही.”